सफरचंदांचं रीडिंग

२० ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद.

सोबत एक खोका आहे. उघडताना सुरी आत खुपसू नकोस. मागच्या वेळी स्वेटरला भोक पाडलंस आणि वर 'स्वेटर हवेशीर आहे' असं कळवलंस.

आत भुशात चार सफरचंदं आहेत. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून १ आकडा घातला आहे. डिसेंबरात मी या छोट्या घरात राहायला आले ते तुला माहीतच आहे, म्हणजे ऐकून माहीत आहे, कारण तू अजून एकदाही आलेला नाहीस. आधीची मालकीण जाताना नळाची चावी, एक मोडकी शिडी आणि परसात पाच सफरचंदाची झाडं ठेवून गेली. कुठलं झाड कुठल्या जातीचं, ते काही सांगून गेली नाही. म्हणून मी कुंपणापासून नंबर घातले. एक नंबर आता तयार झालं आहे. बाकीची पुढेमागे होतील तशी पाठवीन.

तुझं काम असं. दोन सफरचंदं कच्ची खायची, चारच्या चहाला. उरलेल्या दोन्हींचा गाभा काढायचा, पोकळीत लोणी, मनुका आणि चिमूटभर दालचिनी भरायची आणि मऊ होईपर्यंत भाजायची. मग मला लेखी कळवायचं: साल, कुरकुरीतपणा, रस, गोडी, आंबटपणा आणि शेवटी शेरा. नुसतं 'छान' लिहिलेलं चालणार नाही.

का, असं विचारशील. वहिनी गेल्यापासून तू चहा आणि टोस्टवर जगतोस, हे मला माहीत आहे. आणि वाचनालयाच्या चहाघराला मी दर शनिवारी गोडाचे तीन डबे देते, त्यात यंदा घरचीच सफरचंदं घालणार आहे. आपल्याच माणसाचं मत असलेलं बरं.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसता हं हं करतोस.

माझा मार्चमधला ताप आता पूर्ण गेला. काही म्हणता काही उरलेलं नाही. माझी लेक तुला फोन करून विचारेलच, तिलाही हेच सांग.

तुझी,
ताई

&nbsp;

२७ ऑगस्ट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

खोका मिळाला. सुरी बाहेरच्या बाहेर वापरली.

नमुना क्र. १. साल: पातळ, लाल, पिवळे पट्टे. कुरकुरीतपणा: उत्तम. रस: भरपूर. गोडी: दहापैकी आठ. आंबटपणा: दहापैकी दोन. शेरा: चारच्या चहाबरोबर खाण्यास योग्य. भाजलेले नमुनेही समाधानकारक.

'नुसतं छान चालणार नाही' हे वाक्य मला लागलं. मी एकतीस वर्षं घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले. घर बंद असलं की आमच्यातले बाकीचे मागच्या महिन्यांवरून अंदाज बांधायचे आणि आकडा टाकून मोकळे व्हायचे. याला अंदाजे रीडिंग म्हणतात. मी एकतीस वर्षांत एकही टाकलेलं नाही. दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवायचो, 'घर बंद. पुन्हा येईन.' आणि पुन्हा जायचो. एका घरी सहा वेळा गेलो. सहाव्या वेळी दार उघडलं. तेव्हा सफरचंदाचं रीडिंग मला जड नाही.

तुझ्या लेकीचा फोन आला होता. 'मीटरमामा, आईचं खरं काय ते सांग,' म्हणाली. मी सांगितलं, ताप गेला. ती म्हणाली, 'ते ती पण म्हणते.' मी हं म्हटलं.

माझी तब्येत ठीक आहे. मधून मधून डॉक्टरकडे जावं लागतं, पण ते वयाप्रमाणे.

तुझा,
धाकटा

&nbsp;

३ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद.

एक नंबर फत्ते! गोडी आठ लिहिलीस म्हणून केकमधली साखर मी कमी केली. शनिवारी तिन्ही डबे रिकामे परत आले. तळाशी चुरासुद्धा नव्हता. ग्रंथपालबाई म्हणाल्या, यंदा हात आणखी बसला. मी म्हटलं, असेल.

आता नीट वाच. चहाघराला नवीन व्यवस्थापक आला आहे. वय तिशी, गळ्यात ओळखपत्र. त्याच्या मते घरगुती गोडाचा भरवसा नसतो, आज एक चव, उद्या दुसरी. त्याला कारखान्यातली पाकीटबंद बिस्किटं ठेवायची आहेत. ग्रंथपालबाई भांडल्या तेव्हा तो म्हणाला, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बघू. सतरा तारखेच्या शनिवारी तो स्वतः खाऊन बघणार आणि मग ठरवणार.

अकरा वर्षं मी त्या चहाघराला डबे देते आहे. डबे बंद झाले तर लेक मला आठवड्याच्या आत तिच्याकडे घेऊन जाईल. तिच्या घरी माझ्यासाठी खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावून झालेत. मुलगी गुणी आहे. पण तिथे मी पडद्यांकडे बघत बसायचं, एवढंच काम. माझा ओव्हन तिच्या स्वयंपाकघरात मावत नाही, हे तिनं आधीच मोजून ठेवलं आहे.

म्हणून यापुढे जरा बारकाईनं लिही. गोड म्हणजे साखरेसारखं की मधासारखं? आंबट आधी लागतं की मागून? सोबत दोन नंबर पाठवते आहे. पिवळंधमक आहे. झाडं छाटायला एक माणूस येतो, त्याला वाटतं गोल्डन जातीचं असावं. पण त्यानं चाखलेलं नाही, त्यामुळे तू काय म्हणतोस ते खरं.

तुझी,
ताई

&nbsp;

१० सप्टेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

नमुना क्र. २. साल: पिवळी, बारीक ठिपके. कुरकुरीतपणा: मध्यम. रस: बरा. गोडी: दहापैकी दोन. आंबटपणा: दहापैकी आठ. लिंबासारखं आंबट, आणि ते आधी लागतं. नंतरही लागतं. शेरा: साखरेशिवाय खाणाऱ्याचं धैर्य पाहिजे. केक करणार असलीस तर साखर सढळ हातानं घाल.

भाजल्यावर फुगलं, वरची साल तडकली, छान सोनेरी दिसत होतं. कृती तंतोतंत पाळली.

त्या व्यवस्थापकाला सांग, बिस्किटाचीही चव उद्या दुसरी लागते. पाकीट उघडं ठेवून बघ म्हणावं.

तुझा,
धाकटा

&nbsp;

२१ सप्टेंबर

धाकट्या,

आशीर्वाद नंतर.

दोन नंबर आंबट आहे म्हणालास, म्हणून मी नेहमीच्या दीडपट साखर घातली. झाडांचा माणूस म्हणाला, बाई, गोल्डन असेल तर गोड असणार. मी त्याला सांगितलं, माझ्या भावानं खाल्लंय, त्याअर्थी हे गोल्डन नाहीच. त्यानं मान हलवली आणि शिडी घेऊन निघून गेला.

शनिवारी तिन्ही डबे जवळजवळ भरलेले परत आले. एकेक घास घेऊन लोकांनी तुकडे बशीत ठेवून दिले होते. व्यवस्थापक मला म्हणाला, 'आजी, दात शिवशिवले.' आजी म्हणाला! आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. ग्रंथपालबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या, आणि तेच मला जास्त लागलं.

आता तुला दोन प्रश्न विचारते. एक, तुझ्या जिभेला काही झालंय का? झालं असेल तर लपवू नकोस, लगेच दाखव. अशा गोष्टी हसण्यावारी नेऊ नयेत, त्यानं माणूस आतून पार बावचळतं. दोन, तुझ्याकडे ओव्हन नाही. हे मला काल भांडी घासताना आठवलं. मग भाजलंस कशावर?

सोबत तीन आणि चार नंबर. तीन हिरवंगार आहे, आठवडाभर लवकरच काढलंय. चार नंबर दिसायला अगदी बिचारं आहे. तपकिरी, खरबरीत, हात लावला तर पॉलिश पेपर वाटतो. पण त्याच झाडाला सगळ्यात जास्त लागलेत, फांद्यांना टेकू द्यावे लागले. सतरा तारखेला काय करायचं ते या दोन्हींवरून ठरवणार आहे.

या वेळी एकेक घास दोनदा चाव.

ताई

&nbsp;

२९ सप्टेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

शनिवारचं वाचून वाईट वाटलं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. एक, माझी जीभ जागेवर आहे. दोन, तळमजल्यावर एक शिवणवाली राहते, तिच्याकडे ओव्हन आहे. नमुने तिच्याकडे भाजले.

आता माझा एक प्रश्न. झाडं तुझ्या परसात आहेत, फळं तुझ्या हाताला लागतात, आणि लहानपणापासून घरात चव बघायचा मान तुझा. मग तू स्वतः एक घास खाऊन का बघत नाहीस? माझ्या कागदावर विसंबून दीडपट साखर घालायची पाळी का यावी? मी दोष देत नाही, फक्त विचारतो.

नमुना क्र. ३. हिरवं. आंबट. शेरा: अपेक्षेप्रमाणे.

नमुना क्र. ४. साल बटाट्यासारखी. चवही बटाट्यासारखी. गोडी शून्य, रस शून्य. शेरा: कशातही घालू नये. झाडाचे टेकू काढून घेतले तरी चालेल.

तुझा,
धाकटा

&nbsp;

५ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

तू सरळ प्रश्न विचारलास. आता सरळ उत्तर देते, कारण वळसे घालून मी थकले.

मला चव कळत नाही. वासही येत नाही. मार्चमधल्या तापात गेला तो आलाच नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला, मी कॉफी केली आणि वाटलं, कॉफी घालायला विसरले. पुन्हा घातली. तिसऱ्यांदा घातली तेव्हा चमचा उभा राहायला आला होता, आणि तोंडात नुसतं गरम पाणी. मग मी लिंबू कापून चोखलं. मग मीठ. मग जरा वेळ खुर्चीत बसले.

कुणालाही सांगितलं नाही. लेकीला सांगितलं असतं तर त्याच दिवशी ट्रक आला असता. ग्रंथपालबाईंना सांगून काय सांगू? चव नसलेल्या बाईचा केक घ्या? एप्रिल ते जुलै सवयीवर काढले. तेच दुकान, तीच फळं, तीच मापं, हात आपोआप चालायचा. पण परसातली ही पाच झाडं माझ्या ओळखीची नाहीत. त्यांच्याबद्दल हाताला काही ठाऊक नाही. बाजारातलीच फळं आणली असती तर निभलं असतं, हेही खरं. पण झाडं लगडलेली बघून राहवलं नाही. मला वाटलं, तोंडानं नाही तर नाही, कुणाच्या तरी लिहिण्यातून तरी ती मला कळतील.

ओळखीत माणसं पुष्कळ होती. तुला निवडलं, कारण एकतीस वर्षांत अंदाजे रीडिंग टाकलं नाही असा मला माहीत असलेला एकच माणूस आहे.

पिवळ्याचं काय चुकलं, मला कळत नाही. रस्त्यात फळ बदललं असेल, खोका उन्हात राहिला असेल. तुझं चुकलं असेल असं मी मनात आणलं आणि मग मलाच लाज वाटली.

चार नंबरची सगळी फळं काल उतरवून घेतली. मागच्या कुंपणाशी खड्डा आहे, त्यात ओतली, वर सुकी पानं टाकली. सतराला तीन नंबरचंच काहीतरी करीन.

हे पत्र जपून ठेवू नकोस.

ताई

&nbsp;

५ ऑक्टोबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. या वेळी खरोखरचा.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो आहे, कारण आज सकाळी शिवणवाली वर आली होती. रिकामी बशी परत द्यायला. म्हणाली, 'काका, ते तपकिरी सफरचंद कपाटात आठवडाभर राहून गेलं होतं. काल खाल्लं. असलं सफरचंद मी जन्मात खाल्लं नव्हतं. आणखी आहेत का?'

मी चार नंबर खाल्लेलं नाही. तीन नंबर खाल्लेलं नाही. दोन नाही. एक नाही.

जुलैमध्ये माझे वरचे सगळे दात काढले. खालचे आठ उरलेत, तेही एकमेकांना धरून नाहीत. वरती कवळी आहे. तुझा पहिला खोका आला त्या दिवशी बरोबर चार वाजता मी खिडकीत बसलो आणि एक नंबरचा कडाडून चावा घेतला. सफरचंद बशीत पडलं. दात सफरचंदात राहिले. समोरच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती, ती आत निघून गेली.

तुला कळवायला हवं होतं. पण मी नऊ वर्षांचा असताना साखरेच्या डब्यात हात घालून बसलो होतो आणि तू म्हणाली होतीस, 'म्हातारपणी बोळका होशील, तेव्हा माझ्याकडे येऊ नकोस.' सत्तावन्न वर्षं मी हे वाक्य खोटं पाडायचा प्रयत्न केला. जमलं नाही, आणि ते तुला कळू द्यायचं नव्हतं. कारण एवढंच आहे. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

म्हणून रंगावरून लिहिलं. लाल, म्हणजे गोड. पिवळं, म्हणजे लिंबू. हिरवं, म्हणजे आंबट. तपकिरी, म्हणजे बटाटा. फळं शिवणवालीला दिली. तिला चव विचारली असती तरी काम झालं असतं, पण विचारायचं म्हणजे मी का खात नाही ते सांगावं लागलं असतं.

ताई, मी अंदाजे रीडिंग टाकलं. एक नाही, चार. आणि तुझे तीन डबे परत आले. मला फार वाईट वाटतं आहे.

धाकटा

&nbsp;

८ ऑक्टोबर

ताई,

पत्र मिळालं. तुझं आणि माझं वाटेत एकमेकांना ओलांडून गेलं असणार.

चार नंबर खड्ड्यातून काढ. नको, काढू नकोस. तू शिडीवर चढतेस, खड्ड्यात उतरशील, मला सगळं माहीत आहे. तशीच राहू दे. पानंही हलवू नकोस.

बुधवारी सकाळच्या बसनं येतो. पत्ता पाकिटावर आहेच.

धाकटा

(कवळी आणतो आहे. चमचाही.)

&nbsp;

२६ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद.

घर फार मोठं वाटायला लागलं आहे, आणि ते मोठं नाही हे तू चार दिवस दाराच्या चौकटीवर डोकं आपटून सिद्ध केलं आहेस.

तू इथे होतास, सगळं तुझ्यासमोर झालं, तरी लिहिते आहे. यातली एक गोष्ट तुझ्यासमोर झाली नाही.

पहिल्या दिवसाबद्दल मी काही बोलणार नाही. दारात तुला बघितल्यावर मी आधी रागावणार होते. वाक्यं तयार होती, बुधवारपर्यंत पाठही झाली होती. पण तू तोंड उघडून कवळी दाखवलीस आणि म्हणालास, 'आलो बघ, बोळका.' मग कसली वाक्यं आठवतायत!

खड्ड्यातून तू एकेक फळ काढत होतास, पँटला पुसत होतास. दहा दिवस पानांखाली राहून ती सुरकुतली होती, आणखीनच बिचारी दिसत होती. तू ओट्याशी बसलास, कवळी काढून वाटीत ठेवलीस, सफरचंद मधोमध कापलंस आणि बाळाला भरवतात तसं चमच्यानं खरवडून स्वतःलाच भरवलंस. मी विचारलं, काय? तू डोळे मिटून बोट वर केलंस. दुसरा चमचा घेतलास. मी पुन्हा विचारलं, अरे काय? तू बोळक्यानं म्हणालास, 'थांब. रीडिंग चालू आहे.'

नंतर जे सांगितलंस ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. आधी गोड, मधासारखं. मग किंचित आंबट, मागून. मग भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी, शेवटपर्यंत राहणारं. इतकं नीट तू आयुष्यात कशाबद्दल बोलला नव्हतास. वहिनीनं ऐकलं असतं तर तिला खरं वाटलं नसतं.

शुक्रवारी दुपारी आपण पहिला डबा ओव्हनमध्ये ठेवला. तळाशी तीन नंबरच्या फोडी, त्या भाजल्यावर मोडत नाहीत. वर चार नंबरचा कीस, आणि त्यावर लोणी, पीठ, साखरेचा चुरा. लिंबू अर्धा चमचा की एक, यावर आपलं वाजलं. तू तावातावानं वाटीतलं तिसरं मिश्रण चाखायला बसलास आणि मी टेकू बघायला परसात गेले. पाच नंबरपाशी उभी होते. तिथून मी ओरडले, 'जळतंय!'

तू धावलास. डबा गेलाच होता, कडा काळ्या झाल्या होत्या. तू मला म्हणालास, 'बरं झालं तुला धूर दिसला.' मी हो म्हटलं.

धूर नव्हता, धाकट्या. खिडकीवर ओला टॉवेल वाळत घातलेला होता, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. मला वास आला. जळलेल्या साखरेचा. मार्चनंतरचा पहिला. मी पाच नंबरच्या फांदीला धरून तिथेच उभी राहिले, कारण पाऊल टाकलं तर तो जाईल असं मला वाटलं. आत तू भांडी आदळत होतास, स्वतःला शिव्या देत होतास, आणि बाहेर मी पोटभर जळका वास घेत होते. डोळ्यांना पाणी आलं. तू विचारलंस तेव्हा मी धुराचं नाव सांगितलं. तो थोड्याच वेळात गेलाही, म्हणून तुला तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं आणि पुन्हा आलाच नाही तर तुझं तोंड बघवलं नसतं.

तो आला. परवा सकाळी कॉफीचा, दोन श्वास. काल साबणाचा. चवीचा पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, ती मागून येईल, किंवा येणार नाही. हो, डॉक्टरकडे गेले होते. लेकीबरोबर. तिला सगळं सांगितलं. तिनं आधी डोळे पुसले. मग म्हणाली, 'मीटरमामा पुन्हा कधी येणार?' पडद्यांचा विषय निघाला नाही.

शनिवारचं तुला अर्धंच माहीत आहे, कारण तू चहाघराच्या बाहेर उभा होतास. आत येत नव्हतास, कवळी घरी वाटीत राहिली होती म्हणून. व्यवस्थापकानं पहिला तुकडा उभ्यानं खाल्ला. दुसरा बसून. मग वही उघडली, पेन काढलं, आणि पेन तसंच ठेवून विचारलं, 'आजी, हे तपकिरी कुठलं सफरचंद?' मी म्हटलं, चार नंबर. बिस्किटांचा निर्णय मार्चपर्यंत पुढे ढकलला आहे. ग्रंथपालबाई म्हणतात, तो आता शनिवारी लवकर येतो.

पाच नंबर उतरवायला झालं आहे. सोबत पाठवते. टणक आहे, कवळी लावू नकोस.

तुझी,
ताई

&nbsp;

२ नोव्हेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र शिवणवालीला मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं, कारण मध्येच मला चष्म्यातून दिसेना. तिनं विचारलं, धूर आहे का? मी हो म्हटलं.

पाच नंबर मिळालं. तिला एक दिलं, मी एक घेतलं. ती चावत होती, मी खरवडत होतो. रीडिंग दोघांचं जुळलं.

दर शुक्रवारी सकाळच्या बसनं यायचं ठरवलं आहे. रविवारी परत. चौकटीला वरून कापड लाव.

आपण नवा तक्ता वापरू. माझा एकट्याचा रकाना पुरणार नाही, म्हणून शेजारी एक तुझा आखला आहे. साल आणि रस तुला हातानं कळतात. कुरकुरीतपणा ऐकू येतो. वास येईल त्या दिवशी येईल, त्याची तारीख टाकत जा. उरलेल्या दोन ओळी मी रिकाम्या ठेवणार होतो, पण रिकामी ओळ ठेवायची मला सवय नाही, आणि अंदाज मी पुन्हा टाकणार नाही.

तुझा,
धाकटा

नमुना क्र. ५.

धाकटा: साल जाड, लालसर. कुरकुरीतपणा शिवणवालीकडून, उत्तम. रस भरपूर. गोडी नऊ. आंबटपणा एक. शेरा: प्रत्यक्ष खाऊन.

ताई: साल, कुरकुरीतपणा, रस, वास: स्वतः भरणे.

गोडी: घर बंद. पुन्हा येईन.

आंबटपणा: घर बंद. पुन्हा येईन.